यादीत लूपस नसतो, किडनी असते

प्रश्न : आम्ही चिंचवडला भाड्याने राहतो. मी कंत्राटदारामार्फत एका कारखान्यात चार वर्षं काम करतोय, पगार १९,००० रुपये. पत्नी ३१ वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी तिला एसएलई म्हणजे लूपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर हल्ला करते तो आजार) असल्याचं निदान झालं. गेल्या वर्षी पाय सुजू लागले, किडनीची बायोप्सी झाली आणि ‘लूपस नेफ्रायटिस क्लास ४’, म्हणजे लूपसमुळे किडनीला सूज, असा रिपोर्ट आला. खासगी रुग्णालयात दोनदा ॲडमिट केलं. साठवलेलं संपलं, दागिने गहाण आहेत. आता प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या मायकोफेनोलेटच्या रोज चार गोळ्या, स्टिरॉइड, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, बीपीची गोळी आणि दर महिन्याच्या तपासण्या. कुणी म्हणतं लूपस कुठल्याच योजनेत बसत नाही. कुणी म्हणतं दुर्मिळ आजाराला केंद्र सरकार ५० लाख देतं, अर्ज करा. आता नवीन मेडिक्लेम काढला तर उपयोग होईल का? हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ही तर मलेरियाची गोळी आहे, तेवढी बंद करून खर्च वाचवता येईल का? पगारातून पीएफ आणि ईएसआयचे १४३ रुपये कापतात, बाकी कंपनीकडून काही सुविधा नाही.

उत्तर : तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही शेवटी, तक्रार म्हणून लिहिलं आहे. ते १४३ रुपये हीच तुमची सुविधा आहे. १९,००० रुपयांवर ०.७५ टक्के तुमचे आणि ३.२५ टक्के मालकाचे असे दरमहा साधारण ७६० रुपये कामगार विमा योजनेत, म्हणजेच ईएसआयमध्ये, जमा होतात. त्या बदल्यात तुम्हाला आणि तुमच्या पत्नीला दवाखाना, तपासण्या, औषधं, रुग्णालयात दाखल होणं आणि गरज पडली तर सुपरस्पेशालिटी उपचार मिळतात. ‘पाच लाख संपले, आता तुमचं तुम्ही बघा’ असा प्रकार त्यात नाही. आणि बाहेरून, म्हणजे ओपीडीत घ्यायची रोजची औषधंही त्यात येतात. लूपसमध्ये खरा खर्च तिथेच होतो आणि बाकीच्या जवळजवळ सगळ्या योजना तिथेच हात वर करतात. म्हणून इतर कुठेही चपला झिजवण्याआधी हे काम पूर्ण करा.

ईएसआयसी म्हणजे ही योजना चालवणारं महामंडळ. त्याच्या वेबसाइटवर मोबाइल नंबर नोंदवून स्वतःचं खातं उघडा आणि वर्गणीचा इतिहास पाहा. पगारातून कापलेली रक्कम कंत्राटदाराने खरंच भरली आहे का, हे तिथे महिन्यागणिक दिसतं. चार वर्षांत कंत्राटदार बदलला असेल तर तुमच्या नावावर दोन विमा क्रमांक तयार झालेले असण्याची बरीच शक्यता आहे. मग वर्गणी दोन ठिकाणी विभागली जाते आणि संगणकाला तुम्ही अपात्र दिसता. असं असेल तर शाखा कार्यालयात दोन्ही क्रमांक आणि आधार देऊन ते एकत्र करून घ्या. त्यानंतर ई-पहचान कार्ड डाउनलोड करून त्यावर पत्नीचं नाव, फोटो आणि जन्मतारीख आहे का ते बघा. कंत्राटी कामगारांच्या बाबतीत इथेच घोडं अडतं: नोंदणी करताना कुटुंबाचे तपशील भरलेलेच नसतात, किंवा आधारवर लग्नानंतरचं नाव आणि कार्डावर माहेरचं. ही दुरुस्ती मालकाच्या लॉगिनमधून होते, त्यामुळे कंत्राटदाराच्या ऑफिसला लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. टाळाटाळ झाली तर तोच अर्ज ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात द्या. कार्डावर जो दवाखाना लिहिला आहे तो तुमच्या घराजवळचा आहे का, हेही पाहून घ्या. जुन्या पत्त्यावरचा दवाखाना असेल तर तो बदलून मिळतो.

पुढची साखळी अशी: दवाखाना किंवा पॅनेलवरचा डॉक्टर, तिथून चिठ्ठी घेऊन ईएसआय रुग्णालय (तुम्हाला मोहननगरचं जवळ पडेल), आणि किडनीविकार किंवा संधिवात तज्ज्ञ तिथे नसेल तर तिथून करारबद्ध रुग्णालयात रेफरल. रेफरलवर गेलात तर बिल परस्पर ईएसआयकडे जातं. रेफरलशिवाय आधी खासगीत भरती होऊन मग बिल मागायला गेलात तर जीव धोक्यात असल्याची आणीबाणी सोडून बहुतेक वेळा नकारच येतो. म्हणजे झालेल्या दोन ॲडमिशनचे पैसे परत मिळतील अशी आशा धरू नका, पण पुढचं प्रत्येक ॲडमिशन या वाटेने न्या. कुटुंबीयांच्या सुपरस्पेशालिटी उपचारासाठी साधारण वर्षभराची सलग वर्गणी लागते. वर्गणी नीट भरलेली असेल तर चार वर्षांच्या नोकरीत तो प्रश्न यायला नको. रेफरल पत्राला मुदत असते, ती संपण्याआधी वाढवून घ्यायची आठवण ठेवा. मुदत संपलेलं पत्र घेऊन करारबद्ध रुग्णालयात गेलात तर काउंटरवरूनच परत पाठवतील.

दवाखान्यात मायकोफेनोलेट शिल्लक नाही असं ऐकायला मिळेल, हे आत्ताच सांगून ठेवतो. अशा वेळी मुकाट्याने बाहेरून विकत घेऊन घरी येऊ नका. औषध उपलब्ध नसल्याचा शेरा चिठ्ठीवर घ्या, स्थानिक खरेदीतून मिळेल का ते विचारा, आणि नाहीच मिळालं तर प्रतिपूर्तीचा अर्ज मागा. मूळ चिठ्ठी, तो शेरा, जीएसटी नंबर असलेलं मूळ बिल आणि रिकाम्या पट्ट्या जपून ठेवा. तीन-चार महिन्यांच्या गोळ्या लागोपाठ ‘नाहीत’ असं झालं तर वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी तक्रार करा. तोंडी तक्रारीचा मागमूस कुठेच राहत नाही.

आता ‘लूपस कुठल्याच योजनेत बसत नाही’ याबद्दल. हे अर्धवट खरं आहे. सरकारी आणि विम्याच्या बऱ्याच याद्यांमध्ये लूपस हे नाव नसतं. त्या याद्या अवयव, शस्त्रक्रिया किंवा उपचार यांच्या नावाने बनवलेल्या असतात. आयकरातल्या गंभीर आजारांच्या वजावटीत लूपस नाही, जुनाट मूत्रपिंड निकामी होणं आहे. मुख्यमंत्री सहाय्यता निधीच्या यादीत लूपस नाही. डायलिसिस, किडनी प्रत्यारोपण, खुब्याच्या सांध्याचं प्रत्यारोपण आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मधल्या २१ प्रकारांत लूपस नाही, पण लूपसमुळे चालणं किंवा दृष्टी कायमची बाधित झाली तर ते आहे. त्यामुळे खिडकीवर ‘लूपससाठी मदत मिळते का’ असं विचारलं की ‘नाही’ हे उत्तर ठरलेलं. विचारायचं ते असं: ‘लूपसमुळे किडनीला सूज आहे, इंजेक्शनसाठी दाखल करायचं आहे, याला काय बसतं?’

म्हणूनच डॉक्टरांच्या प्रमाणपत्राचा मजकूर महत्त्वाचा. ‘सदर रुग्णास एसएलई असून दीर्घकाळ उपचारांची गरज आहे’ एवढंच लिहिलेलं पत्र घेऊन लोक फिरतात आणि ते कुणाच्याच उपयोगाचं नसतं. तुमच्या पत्नीच्या पत्रात निदान असं हवं: सिस्टिमिक लूपस एरिथेमॅटोसस, त्यामुळे झालेला लूपस नेफ्रायटिस क्लास ४, बायोप्सीची तारीख, सध्याचं सिरम क्रिएटिनिन आणि लघवीतल्या प्रथिनांचं प्रमाण तारखेसह, चालू औषधं जेनेरिक नावाने व मात्रेसह, पुढचा नियोजित उपचार, तो दाखल करून द्यायचा की डे केअरमध्ये, किती महिने चालेल, आणि अंदाजे खर्च. शेवटी डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, सही, रुग्णालयाचा शिक्का. यात काहीही वाढवून सांगायचं नाही, फक्त जे आहे ते पूर्ण सांगायचं. डॉक्टर घाईत असतात. कच्चा मजकूर तुम्हीच टाइप करून न्या, ते दुरुस्त करून लेटरहेडवर देतील. खर्चाच्या अंदाजपत्रकाचं पत्र मात्र वेगळं आणि ताजं लागतं. सहा महिन्यांपूर्वीचं अंदाजपत्रक कुणी हातात धरत नाही.

ईएसआयची घडी बसेपर्यंत, किंवा मध्येच काही अडलं तर, तुमच्यासाठी दोन दारं उघडी आहेत. पहिलं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं. १ जुलै २०२४ पासून यात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे आणि पिवळ्या-केशरी रेशनकार्डापुरती असलेली ही योजना आता इतरांनाही खुली आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेत असलेल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या मदतनीसाकडे जा. ही योजना दाखल झालेल्या रुग्णासाठी आणि ठरलेल्या पॅकेजसाठी आहे, रोजच्या गोळ्यांसाठी नाही. उपचाराआधी ऑनलाइन पूर्वमंजुरी लागते, त्यामुळे भरती होतानाच आरोग्यमित्राला गाठायचं, डिस्चार्जच्या दिवशी नाही. कोणतं पॅकेज लावलं, त्यात काय काय येतं, हे त्याच्याकडून समजून घ्या. पॅकेजमधल्याच गोष्टीसाठी रुग्णालय वेगळे पैसे मागत असेल तर १५५३८८ या टोल फ्री क्रमांकावर रुग्ण आत असतानाच तक्रार करा. एकाच उपचाराचे पैसे ईएसआय आणि ही योजना अशा दोघांकडून घेता येत नाहीत.

दुसरं दार धर्मादाय रुग्णालयांचं, आणि पुण्यात ती भरपूर आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिलेल्या योजनेनुसार त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. यासाठी ते एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करतात. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत असेल तर निर्धन, ३,६०,००० रुपयांपर्यंत असेल तर दुर्बल. तुमचं उत्पन्न वर्षाला २,२८,००० रुपये होतं, म्हणजे तुम्ही दुर्बल घटकात. तुम्हाला सगळं मोफत मिळणार नाही. सवलतीच्या दराने बिल लागेल, औषधं आणि साहित्य रुग्णालयाच्या खरेदी दराने लावलं जाईल आणि त्यातला किमान अर्धा भाग तुम्हाला भरावा लागेल. तरीही दोन ॲडमिशनांच्या अनुभवानंतर हा फरक किती मोठा आहे हे तुम्हाला सांगायला नको.

यात लोक तोंडावर आपटतात ते वेळेवरून. बिल भरून झाल्यावर सवलत मिळत नाही. दाखल होतानाच, किंवा तातडीने आणलं असेल तर दुसऱ्या दिवशी, वैद्यकीय समाजसेवकाला भेटा. या माणसाची खोली बहुधा तळमजल्यावर कोपऱ्यात असते आणि बिलिंग काउंटरवरचे लोक तिकडे आपणहून पाठवत नाहीत. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड लागतं. दाखला आपले सरकार सेवा केंद्रातून काढता येतो, पगारपत्रकं जोडा, आणि आजारपणाची वाट न बघता तो आत्ताच काढून ठेवा. त्यावरची मुदत संपली की नवा काढायचा. खाटा शिल्लक नाहीत असं सांगितलं तर ते लेखी मागा. धर्मादाय आयुक्तालयाच्या संकेतस्थळावर रुग्णालयनिहाय खाटांची स्थिती दिसते, आणि तक्रार धर्मादाय सहआयुक्त कार्यालयात करता येते. तातडीच्या रुग्णाला अनामत रक्कम मागून अडवायचं नाही, हेही त्याच योजनेत आहे.

मुख्यमंत्री सहाय्यता निधीत वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १,६०,००० रुपये आहे, तुम्ही तिच्या वर आहात. तिथे वेळ घालवू नका. संजय गांधी निराधार योजनेची मर्यादा तर याहून कितीतरी कमी आहे, तीही तुमच्यासाठी नाही. मात्र हे वाचणाऱ्यांपैकी कुणी लूपसमुळे काम करू शकत नसेल आणि उत्पन्नच नसेल, तर त्यांनी तहसील कार्यालयात त्याची जरूर चौकशी करावी. त्या योजनेत दुर्धर आजारामुळे चरितार्थ चालवू न शकणाऱ्यांचा उल्लेख आहे.

दुर्मिळ आजाराच्या ५० लाखांबद्दल स्पष्ट सांगतो: राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण २०२१ मधल्या यादीत लूपस नाही. ही मदत ठरावीक, बहुतांशी जनुकीय आजारांसाठी ठरावीक केंद्रांमार्फत मिळते. व्हॉट्सॲपवर फिरणारा तो फॉर्म भरून देतो म्हणून कुणी ‘प्रोसेसिंग फी’ मागत असेल तर तिथून निघून या.

विश्वस्त निधी मात्र उपयोगी पडतात. टाटा ट्रस्ट्स वैयक्तिक वैद्यकीय मदत देतात, प्रभादेवीचा सिद्धिविनायक न्यास देतो, आणखीही बरेच लहान न्यास आहेत. रुग्णालयाच्या समाजसेवकाकडे त्यांची चालू यादी असते आणि त्यांचं पत्र जोडलेलं असलं की अर्ज पुढे सरकतो. दोन गोष्टी ध्यानात घ्या. चेक जवळजवळ नेहमी रुग्णालयाच्या नावाने निघतो, तुमच्या नाही. आणि भरून झालेल्या बिलाला मदत मिळत नाही, पुढच्या उपचाराच्या अंदाजपत्रकाला मिळते. एकेका न्यासाची रक्कम छोटी असू शकते, म्हणून चार-पाच ठिकाणी एकदम अर्ज करायला हरकत नाही. फक्त प्रत्येक अर्जात बाकी कुठे अर्ज केले आणि कुठून किती मंजूर झाले ते खरं लिहा. ते लोक एकमेकांशी बोलतात. इंटरनेटवरून लोकवर्गणी करण्याचा पर्याय एखाद्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी राखून ठेवा, वर्षानुवर्षं चालणाऱ्या गोळ्यांसाठी तो टिकत नाही.

तुमच्या पीएफमधून पत्नीच्या आजारपणासाठी आगाऊ रक्कम काढता येते. फॉर्म ३१ ऑनलाइन भरायचा, यूएएनला (तुमच्या पीएफच्या कायमच्या क्रमांकाला) आधार आणि बँक खातं जोडलेलं हवं. ही रक्कम परत भरायची नसते. दागिन्यांवरचं कर्ज खासगी सावकाराकडे असेल तर पीएफच्या पैशांतून ते सोडवून बँकेत कमी व्याजाने पुन्हा गहाण ठेवणं, हा माझ्या मते त्या रकमेचा चांगला उपयोग आहे. मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपकडे मात्र फिरकू नका.

गोळ्यांच्या खर्चाकडे येऊ. रोज चार म्हणजे महिन्याला १२० गोळ्या मायकोफेनोलेटच्या. एका गोळीमागे १० रुपये वाचले तरी महिन्याला १,२०० रुपये हातात राहतात, आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या किमतीत फरक मोठा असतो. चिठ्ठीवर जेनेरिक नाव लिहून घ्या, जनऔषधी सुगम ॲपवर जवळचं केंद्र आणि औषधाची किंमत तपासा, मग जा. एक खबरदारी: मायकोफेनोलेट मोफेटिल आणि मायकोफेनोलेट सोडियम ही दोन वेगळी रूपं आहेत. मोफेटिलची ५०० मिलिग्रॅमची गोळी साधारणपणे सोडियमच्या ३६० मिलिग्रॅमच्या गोळीइतकी धरतात. दुकानदाराने ‘एकच आहे’ म्हणून आकडे न बघता बदलून दिली तर मात्रा चुकते. कंपनी बदलली की डॉक्टरांना कळवा, आणि पुढे कधी टॅक्रोलिमस हे प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध सुरू झालं तर त्याची कंपनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात बदलू नका, त्यात रक्तातली पातळी मोजावी लागते.

औषधच बदलून स्वस्त होईल का, हा प्रश्न डॉक्टरांना सरळ विचारा, त्यात लाज कसली? क्लास ४ नेफ्रायटिसच्या सुरुवातीच्या टप्प्यात मायकोफेनोलेटप्रमाणेच सायक्लोफॉस्फमाइडची कमी मात्राही मान्य आहे: ५०० मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी, एकूण सहा वेळा. हे जुनं आणि स्वस्त इंजेक्शन आहे. आजार आटोक्यात आल्यावर पुढच्या टप्प्यात ॲझाथायोप्रिनचा पर्याय असतो, तीही तुलनेने स्वस्त. प्रत्येक पर्यायाचे स्वतःचे धोके आहेत आणि मूल हवं असेल तर निवड पूर्ण बदलते, म्हणून हा निर्णय डॉक्टरांचाच. पण तुम्हाला परवडत नाही हे त्यांना माहीतच नसेल तर ते पर्याय मांडणार तरी कसे?

हायड्रॉक्सीक्लोरोक्विन बंद करू नका. तुमच्या यादीतल्या स्वस्त गोळ्यांपैकी ही एक, आणि लूपस पुन्हा उसळू नये यासाठी सगळ्यात जास्त काळ चालणारी हीच. ती थांबवल्यावर आजार उसळण्याचं प्रमाण वाढतं, आणि किडनीचा एक उसळा म्हणजे पुन्हा ॲडमिशन. मात्रा वजनावर ठरते, दिवसाला किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी करतात. किडनी कमजोर असेल तर त्याआधीपासून. स्टिरॉइडच्या गोळ्याही पैसे नाहीत म्हणून एकदम थांबवायच्या नाहीत. शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड तयार होणं तोवर मंदावलेलं असतं, आणि अचानक थांबवलं तर जिवावर बेतू शकतं.

खर्च वाचवायचा तो तपासण्यांमध्ये. एएनए ही रक्तचाचणी लूपसच्या निदानापुरती. एकदा पॉझिटिव्ह आल्यावर ती पुन्हा पुन्हा करून आजार वाढला की कमी झाला हे कळत नाही, तरी पॅकेजमध्ये ती दरवेळी घुसडलेली असते. तुमच्या पत्नीला नियमित लागतात त्या लघवीतली प्रथिनं, क्रिएटिनिन, रक्ताची संपूर्ण तपासणी, आणि डॉक्टर सांगतील त्या अंतराने सी३, सी४ व अँटी-डीएसडीएनए या आजार किती सक्रिय आहे ते दाखवणाऱ्या रक्तचाचण्या. यातल्या पहिल्या तीन साध्या तपासण्या औंधच्या जिल्हा रुग्णालयात करा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. ससून रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आणि पिंपरीचं वायसीएम रुग्णालय महापालिकेकडे असल्याने तिथे हा निर्णय लागू नाही, पण दर खासगीपेक्षा खूपच कमी. विशेष चाचण्या तेवढ्या बाहेर करा, आणि पॅकेज न घेता नाव सांगून सुट्या करा.

नवीन मेडिक्लेमचा तुम्हाला आत्ता उपयोग नाही. आधीपासून असलेल्या आजाराला कंपनी ३६ महिन्यांपर्यंत प्रतीक्षा कालावधी लावू शकते, आणि सक्रिय नेफ्रायटिस असताना प्रस्तावच नाकारला जाण्याची शक्यता जास्त. आजार लपवून पॉलिसी काढून देतो म्हणणारा एजंट भेटेल. ६० महिन्यांनंतर कंपनीला काही विचारता येत नाही, असं तो सांगेल. फसवणूक सिद्ध झाली तर ते संरक्षण मिळत नाही, आणि बायोप्सीच्या रिपोर्टवर तारीख असते. ज्यांची पॉलिसी आधीच आहे त्यांच्यासाठी एक सूचना: रिटुक्सिमॅबसारखं इंजेक्शन ‘२४ तास दाखल नव्हते’ म्हणून नाकारलं गेलं, तर पॉलिसीतलं आधुनिक उपचारांचं कलम उघडा. मोनोक्लोनल अँटिबॉडीचं इंजेक्शन (रिटुक्सिमॅब त्यातलंच) विमा नियामकाने त्या यादीत नावानिशी घातलं आहे. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ऐकलं नाही तर वर्षभराच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.

स्वतः लूपस असलेल्या आणि स्वतःच्याच नावाने ईएसआय कापला जाणाऱ्या वाचकांसाठी थोडं वेगळं. त्यांना औषधोपचाराशिवाय पगाराची भरपाईही मिळते: आजारी असल्याच्या प्रमाणपत्रावर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के. दोन वर्षं नोकरी आणि पुरेशी वर्गणी असेल तर ठरावीक दीर्घ आजारांसाठी ८० टक्के, तेही दोन वर्षांपर्यंत. त्या यादीतही लूपस नाही, पण मूत्रपिंड निकामी होणं, फुप्फुसाचा इंटरस्टिशियल आजार आणि रेनॉड (बोटांच्या रक्तवाहिन्या आक्रसण्याचा आजार) आहे. पुन्हा प्रमाणपत्राच्या मजकुराकडेच येतो आपण.

आणि तुमच्यासाठी शेवटचं, पगारवाढीचं. ईएसआयची वेतनमर्यादा दरमहा २१,००० रुपये आहे आणि तुम्ही तिच्यापासून २,००० रुपये लांब आहात. वाढ मिळून पगार मर्यादेपुढे गेला तरी संरक्षण त्याच दिवशी तुटत नाही. वर्गणीचे कालखंड एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे असतात, आणि ज्या कालखंडात वाढ झाली तो पूर्ण होईपर्यंत वर्गणी चालू राहते. लाभ त्यानंतरही काही महिने मिळतो: सप्टेंबरला संपलेल्या वर्गणीचा पुढच्या जूनअखेर, मार्चला संपलेल्या वर्गणीचा डिसेंबरअखेर. म्हणून २१,००० च्या थोडी वर जाणारी वाढ पुढ्यात आली, तर होकार देण्याआधी तिच्यासोबत कुटुंबाचा गट विमा मिळतोय का, आणि त्यात आधीचे आजार पहिल्या दिवसापासून धरले आहेत का, हे लेखी विचारून घ्या. गट विमा नसेल तर पत्नीच्या महिन्याच्या औषध-तपासण्यांचा आकडा त्या वाढीशेजारी मांडून बघा आणि मगच सही करा.